मॅन्युअलअण्णा

साखर कारखाना कृष्णाकाठचा असो की प्रवराकाठचा, सहकारी असो की खासगी, त्याच्या बॉयलिंग हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये एक मॅन्युअलअण्णा असतातच. हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं असतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणतो आणि इन्स्ट्रुमेंट खात्यातली पोरं, अण्णा ऐकत नसताना, मॅन्युअलअण्णा म्हणतात. अण्णा ऐकत नसतात हा पोरांचा समज.

अण्णा ड्यूटीवर आलेत की नाहीत हे कळायला त्यांचा चेहरा पाहावा लागत नाही. पडदा पाहिला तरी पुरतं. सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह या साखळीला लूप म्हणतात. आमच्या पडद्यावर ऑटोला, म्हणजे यंत्राच्या भरवशावर, टाकलेला लूप हिरवा दिसतो आणि मॅन्युअलला, म्हणजे हाताने चालवायला, घेतलेला पिवळा. शिफ्टचा भोंगा वाजतो, अण्णा आत येतात, कानटोपी सारखी करतात, कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवात मिळालेल्या जाकिटाच्या खिशातून चंची काढून टेबलावर ठेवतात आणि खुर्चीत बसायच्या आधी, उभ्यानंच, एकेका लूपवर क्लिक करत जातात. हळदीच्या कार्यक्रमाला बसवल्यागत दहा मिनिटांत सगळा पडदा पिवळा होतो. मग ते बसतात, तंबाखूला चुना लावतात आणि म्हणतात, "हां. आता कारखाना चालू झाला."

अण्णांच्या ताब्यात ज्यूस हीटर. मिलमधून आलेला उसाचा रस आधी ७० अंशांच्या आसपास तापवायचा, मग त्याला चुना आणि गंधकाचा वायू द्यायचा आणि तो सल्फिटेशन झालेला रस पुन्हा तापवून १०२ ते १०४ अंशांवर न्यायचा. तिथून फ्लॅश टाकी, तिथून क्लॅरिफायर. क्लॅरिफायरमध्ये गाळ खाली बसतो आणि निवळ रस वरून निघतो. तापमान कमी पडलं तर रसातली हवा आणि वायू नीट निघून जात नाहीत, गाळ तरंगत राहतो, रस गढूळ येतो. जास्त झालं तर रसाचा रंग चढतो, साखर फुटते आणि उतारा घसरतो. उतारा घसरला की त्याची चर्चा थेट संचालक मंडळात होते आणि तिथून ती उलट्या दिशेनं, दर पायरीला दोन शिव्या वाढत, ज्यूस हीटरपर्यंत येते. म्हणजे त्या दोन अंशांच्या खालीवर किती लोकांची अब्रू टांगलेली असते, याची अण्णांना पक्की जाणीव आहे. म्हणूनच ते यंत्रावर विसंबत नाहीत.

"सायेब, मशीनला डोळं हाय, पर नजर न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

अण्णांना नजर आहे, हे मात्र नाकारता येत नाही. कंट्रोल रूमच्या खिडकीतून फ्लॅश टाकीची चिमणी दिसते. शंभराच्या वर तापलेला रस टाकीत मोकळा झाला की त्यातली थोडी वाफ भसकन उडते. रस जेवढा जास्त तापलेला, तेवढा पांढरा फुगारा मोठा. अण्णा पडद्याकडे न बघता त्या फुगाऱ्याकडे बघतात आणि आकडा सांगतात. "एकशे तीन." पडद्यावर १०२.८ असतं. नव्यानं लागलेली पोरं थक्क होतात. कधी अण्णा एकशे तीन म्हणतात आणि पडद्यावर शंभर असतं. त्या वेळी आरटीडी खराब असतो.

आरटीडीवर त्यांचा जुना राग आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये कोर्स करून आलेल्या एका पोरानं त्यांना मन लावून समजावलं होतं, की हा प्लॅटिनमच्या तारेचा सेन्सर, शून्य अंशाला त्याचा विरोध शंभर ओहम, शंभर अंशांना १३८.५. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्लॅटिनम? म्हंजी सोन्याच्या बरोबरीचं? आणि ती तार ज्या पायपात घातलीया त्या थर्मोवेलवर बोटभर चुना बसलाय, त्येचं काय?" पोरगा गप्प झाला. हंगामाच्या दुसऱ्या महिन्यात थर्मोवेलवर खरंच पापुद्रा बसलेला असतो आणि आतल्या प्लॅटिनमला बाहेरची बातमी उशिरा कळते.

चार ते वीस मिलिअँपियरचं प्रकरणही असंच झालं. कंट्रोलरपासून व्हॉल्व्हपर्यंत जो सिग्नल जातो तो शून्यापासून न निघता चारपासून निघतो. चार म्हणजे व्हॉल्व्ह बंद, वीस म्हणजे पूर्ण उघडा. शून्य मुद्दाम मोकळा ठेवतात, म्हणजे सिग्नल शून्यावर आला की वायर तुटली हे लगेच ओळखता येतं. हे सांगितल्यावर अण्णा बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "म्हंजी काम बंद असलं तरी चार मिळत्यात? वायरीला रिटेन्शन हाय की!" ऑफ सीझनला घरी बसवलेल्या हंगामी कामगाराला जो रिटेन्शन भत्ता मिळतो, त्यासाठी अण्णा युनियनमधून किती भांडले आहेत हे माहीत असलेल्यांनाच या वाक्यातली कळ समजेल. तेव्हापासून चार ते वीसबद्दल त्यांच्या मनात आदर आहे. यंत्राच्या जगात त्यांनी मान्य केलेली ती एकमेव गोष्ट.

आता अण्णांचं नेमकं चुकतं कुठं ते सांगायला हवं, कारण चुकतं हे नक्की.

व्हॉल्व्ह उघडला की रस त्याच क्षणी तापत नाही. वाफ हीटरमध्ये शिरते, नळ्या तापतात, नळ्यांतून रस फेऱ्या मारत जातो, बाहेर पडतो, पाईपातून सेन्सरपर्यंत येतो, थर्मोवेल तापतं आणि मग कुठं पडद्यावरचा आकडा हलतो. यात अर्धं-पाऊण मिनिट जातं. या अर्ध्या-पाऊण मिनिटात करायची गोष्ट एकच असते: काही न करणं. अण्णांना ती सोडून बाकी सगळं येतं.

आकडा शंभरावर आहे. अण्णा व्हॉल्व्ह दोन टक्के उघडतात. आकडा शंभरच. "ऐकत न्हाई बघा." आणखी दोन टक्के. आकडा शंभरच. "हट्टी हाय." आणखी तीन. तेवढ्यात पहिल्या दोन टक्क्यांचा निरोप पोहोचतो, पाठोपाठ दुसऱ्याचा, पाठोपाठ तिसऱ्याचा, आणि आकडा १०१, १०३, १०५, १०६ करत चढत जातो. "आयला, पेटला!" अण्णा झटक्यात दहा टक्के बंद करतात. आकडा चढतच असतो. आणखी पाच बंद. आता खाली यायला लागतो आणि येता येता ९८ वर जातो. असं आठ तास. शिफ्ट संपताना अण्णा घाम पुसत उठतात आणि पुढच्या शिफ्टवाल्याला सांगतात, "जरा सांभाळून. आज रस लई चंचल हाय. मी होतो म्हणून निभावलं."

पुढच्या शिफ्टचे अण्णा वेगळे. त्यांना आधीच्या अण्णांनी सगळं बिघडवून ठेवलंय याची खात्री असते. ते आल्या आल्या सगळं स्वतःच्या हिशोबानं लावतात. तिसऱ्या पाळीचे अण्णा त्याहून वेगळे. चोवीस तासांचा ट्रेंड काढून बघितला तर कुठली शिफ्ट कुणाची होती हे रेघेच्या वळणावरून सांगता येतं.

एडवर्ड्स डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ आपल्या वर्गात एक प्रयोग करून दाखवत. टेबलावर एक खूण, वर नरसाळं, नरसाळ्यातून गोट्या टाकायच्या. नरसाळं एका जागी ठेवलं तर गोट्या खुणेच्या आसपास पसरतात. पण दर गोटीला, ती जितकी चुकली तितकं नरसाळं उलट्या बाजूला सरकवत गेलं, तर गोट्या खुणेजवळ यायच्या ऐवजी आणखी विखुरतात. गणितानं पसाऱ्याचा व्हेरियन्स दुप्पट होतो. हे मी अण्णांना रात्रपाळीत, चहा घेता घेता, सविस्तर सांगितलं. अण्णा म्हणाले, "त्यानं नरसाळं नीट धरलं नसंल."

पण एक कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. जुने लोक शपथेवर सांगायचे, की हाच माणूस कंट्रोल रूम नसताना, नुसत्या हातचाकावर, दिवसदिवस १०२ सोडत नसे. तेव्हाचे चीफ केमिस्ट पाहुण्यांना घेऊन येत आणि लांबून अण्णा दाखवत. मग तोच हात माऊसवर आल्यावर एवढा का बिथरला?

याचं उत्तर जिन्यात होतं. हातचाक होतं वरच्या प्लॅटफॉर्मवर आणि तापमानाची डायल खाली. अण्णा डायल बघत, जिना चढत, चाक पाव फेरा फिरवत, जिना उतरत, वाटेत पंपावरच्या माणसाशी दोन शब्द बोलत आणि पुन्हा डायलसमोर उभे राहत. तोवर हीटर, नळ्या, पाईप, थर्मोवेल सगळ्यांचं आपापलं काम उरकलेलं असे आणि डायल खरा आकडा दाखवत असे. शिवाय एक चढ-उतार झाल्यावर दुसरी करायची तर गुडघे विचारत, "खरंच गरज आहे का?" रसाला जो वेळ लागायचा तो वेळ जिना अण्णांकडून सक्तीनं काढून घ्यायचा. माऊस आला, जिना गेला, दुरुस्ती फुकट झाली. फुकट मिळालेली गोष्ट माणूस जपून वापरत नाही. पुढं पुढं मी नवीन पोरांना सांगू लागलो, की तुम्ही कंट्रोलर आणलात तो ठीक, पण अण्णांचा जिना काढून घेतलात त्याची भरपाई कुठं केलीत?

घरी जिना नाही, त्यामुळं घरची परिस्थितीही अशीच. पंख्याचा रेग्युलेटर, टीव्हीचा आवाज, अंगणातल्या नळाची तोटी, कशालाच एका जागी राहण्याची मुभा नाही. गॅसवर दूध असलं की मात्र काकू त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. "बॉयलरवर उभं राहायला सर्टिफिकेट लागतं ना?" काकू विचारतात. "तुमच्याकडं माझ्या गॅसचं हाय का?" कायद्याचा मुद्दा असल्यामुळं अण्णा निरुत्तर होतात.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. ज्या ऑटोचा आम्ही इन्स्ट्रुमेंटवाले एवढा डंका पिटतो, तो काही संत नव्हे. त्याच्या पोटात पी, आय आणि डी अशी तीन माणसं राहतात. पी समोरच्या चुकीपुरतं बघतो: फरक जेवढा, व्हॉल्व्ह तेवढा. सरळ माणूस, पण अल्पसंतुष्ट; १०२ मागितले तर १०१ वर येऊन थांबतो आणि तेवढ्यात खूष असतो. डी आकड्याचा वेग बघतो आणि पुढं काय होणार याची आधीच धास्ती घेतो. सिग्नल थोडा थरथरला तरी व्हॉल्व्ह धडाधड हलवतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला शून्य करून गप्प बसवलेलं असतं. खरं काम आय करतो. आय म्हणजे भाऊबंद. बांध वीतभर सरकला तरी तो विसरत नाही. मिनिटामिनिटाची चूक मनात साठवत राहतो आणि ती पूर्ण वसूल होईस्तोवर व्हॉल्व्ह रेटत राहतो. म्हणूनच अखेर १०२ म्हणजे १०२ होतं.

पण भाऊबंदाचा राग कुठं थांबवायचा हे ठरवून दिलं नाही, तर घोटाळा होतो. एकदा पहाटे ट्रॅक्टर आले नाहीत, 'नो केन' झालं, मिल थांबली. मिल थांबली की टर्बाइनमधून येणारी एक्झॉस्ट वाफ कमी होते. रस तापेना. लूप ऑटोला होता. त्यानं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तरी तापमान येईना, आणि आय आतल्या आत चूक साठवत बसला. तासाभरानं ऊस आला, मिल चालू झाली, वाफ धो धो आली. तापमान १०२ झालं, १०५ झालं, १०८ झालं, तरी व्हॉल्व्ह उघडाच. आयचा तासाभराचा हिशोब फिटला नव्हता. अण्णांनी लूप ओढून मॅन्युअलला घेतला, व्हॉल्व्ह बंद केला आणि माझ्याकडं बघितलं. बोलले काहीच नाहीत. एवढी लांब शिवी मी दुसरीकडं ऐकलेली नाही. आयच्या साठवणीला मर्यादा घालण्याची सोय कंट्रोलरमध्ये असतेच. ती चालू करायची राहिली होती.

त्या प्रसंगानंतर अण्णांची समजूत काढायला म्हणून मी त्यांना निकोलस मिनोर्स्कीची गोष्ट सांगितली. जहाज आपोआप सरळ कसं चालवायचं, याचा अभ्यास या रशियन गृहस्थांनी अमेरिकेत केला आणि १९२२ साली त्यावर निबंध लिहिला. पी, आय, डीचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं गेलं ते त्यात. आणि ते त्यांना सुचलं कसं? सुकाणूवरचा कसलेला खलाशी काय करतो ते निरखून. तो नुसती आत्ताची चूक बघत नाही, मघापासून जहाज किती भरकटलंय तेही धरतो आणि ते वळतंय किती वेगानं तेही. "म्हणजे अण्णा," मी म्हणालो, "हा कंट्रोलर तुमच्यासारख्याच एकाकडे बघून बनवलाय."

अण्णांनी चंची बाजूला ठेवली. "मग? बसवला का जहाजावर?"

यूएसएस न्यू मेक्सिको नावाच्या युद्धनौकेवर चाचणी झाली, असं मी सांगितलं.

"मग?"

चाचणी चांगली झाली. पण खलाशांनीच विरोध केला म्हणून नौदलानं ते यंत्र घेतलं नाही.

अण्णा खुर्चीत मागं रेलले. पुढं आठवडाभर ते कारखान्यात भेटेल त्याला सांगत होते, "अमेरिकेचं नेव्ही. मॅन्युअल."

पाहुणे येणार असले की अण्णांना ऑटोला टाकावं लागतं. चेअरमनसाहेब मंत्र्यांना घेऊन कंट्रोल रूममध्ये येतात, पडद्याकडं हात करून "संपूर्ण स्वयंचलित" असं म्हणतात आणि अण्णा मागं हात बांधून, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलाच्या चेहऱ्यानं, हिरव्या पडद्याकडं बघत राहतात. पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडायच्या आत पडद्याला कावीळ झालेली असते.

अशाच एका भेटीनंतर ठरलं, की लूप ऑटोला चालत नाहीत ते ट्यूनिंग बिघडल्यामुळं. पुण्याहून लॅपटॉपसकट एक सल्लागार आले. त्यांनी झिग्लर आणि निकोल्स या जोडीनं १९४२ मध्ये सांगितलेली जुनी रीत काढली: आय आणि डी बंद ठेवायचे, पी वाढवत न्यायचा, तापमान एका लयीत सारखं वरखाली व्हायला लागलं की थांबायचं आणि त्या झोक्याच्या मापावरून तिन्हींचे आकडे काढायचे. चालत्या कारखान्यात मुद्दाम झोके आणायचे, हे ऐकून अण्णांनी हात जोडले. "सायेब, झोकं पायजेत तर माझ्या शिफ्टचा ट्रेंड घ्या. नवीन कशाला काढताय?"

सल्लागारांनी आकडे घातले. दिवसभर रेघ बरी चालली. रात्री पुन्हा डुलायला लागली. त्यांनी पी कमी केला. डुलणं हळू झालं, थांबलं नाही. आय कमी केला. आणखी हळू झालं, थांबलं नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी अहवाल दिला, की ऑपरेटरांना प्रशिक्षणाची गरज आहे. प्रशिक्षणाचा खर्च अहवालातच जोडलेला होता.

आता ज्या रात्री हे सगळं उलगडलं, त्या रात्रीचं श्रेय कुणाचं, यावर आमच्या खात्यात अजून दोन तट आहेत. घडलं ते एवढंच. लूप ऑटोला होता, तापमान डुलत होतं, मी पडद्यासमोर बसलो होतो. अण्णा आले आणि सवयीप्रमाणं त्यांनी लूप मॅन्युअलला घेतला. मी "अण्णा, राहू द्या ना" म्हणणार, तेवढ्यात रेघ सपाट झाली. अण्णांनी हात लावला नव्हता; तंबाखू मळत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, रेघ सपाट.

पुस्तकात हीच परीक्षा दिलेली असते. लूप डुलत असेल तर त्याला मॅन्युअलला टाका. तरीही डुलत राहिला तर दोष बाहेरून, वाफेतून किंवा रसाच्या प्रवाहातून येतोय. थांबला तर दोष लूपच्या आत आहे. अण्णा वर्षानुवर्षं रोज ही परीक्षा घेत होते. निकाल वाचायला कुणी जागेवर नसायचं.

मग मी मॅन्युअलमध्येच सिग्नल एकेका टक्क्यानं वाढवायला लावला आणि एका हेल्परला व्हॉल्व्हपाशी उभं केलं. १२ टक्के. "हलला का?" वॉकीटॉकीवर उत्तर, "न्हाई." १३. "न्हाई." १४. "न्हाई सायेब." १५ ला हेल्पर ओरडला, "उडाला!" दांडा एकदम खाडकन पुढं गेला होता. म्हणजे तीन टक्के सांगून ढिम्म आणि चौथ्याला उडी. ऑटो बिचारा हळूहळू सिग्नल वाढवायचा, दांडा हलायचा नाही, आय रेटत राहायचा, दांडा उडी मारून पुढं जायचा, तापमान वर. मग तेच सगळं उलट्या दिशेनं. अशा दांड्यापुढं कुठलेही पी, आय, डी घाला, फरक पडतो तो डुलण्याच्या वेगात.

"ठोकल्याशिवाय हलत न्हाईच त्यो," अण्णा शांतपणे म्हणाले. "पाना तिथंच ठेवलाय बघा, खालच्या फ्लँजवर."

पाना होता. व्हॉल्व्हच्या अंगावर, जिथं पान्याचे ठोके बसायचे तिथं, रंग उडून लोखंड चकाकत होतं.

"अण्णा, हे तुम्ही सांगितलं का नाहीत?"

अण्णांनी लॉगबुक पुढं सरकवलं. मी मागची पानं उलटत गेलो. तापमान, दाब, प्रवाह यांच्या रकान्यांच्या शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना असतो. त्यात अण्णांच्या तिरक्या अक्षरात, पानामागून पान, 'व्ह. ठोकला', 'व्ह. ठोकला', 'व्ह. दोनदा ठोकला' असं लिहिलं होतं. खाली शिफ्ट इंजिनिअरची सही, त्याखाली चीफ केमिस्टांची सही, त्याखाली चीफ इंजिनिअरांची सही. सगळ्यांनी सही केली होती.

पडद्यावरचा पिवळा रंग हाही असाच शेरा होता. अण्णा तो दर शिफ्टला भरत होते आणि आम्ही त्याला अण्णांचा स्वभाव समजत होतो.

चौकशी झाली. मंत्र्यांच्या भेटीआधी व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून थोडी वाफ गळत होती. साहेबांच्या अंगावर येऊ नये म्हणून फिटरला ग्लँड आवळायला सांगितलं. फिटरनं मन लावून आवळलं. गळती थांबली, दांडाही थांबला. त्याआधीची आवळणीही, कारखान्याच्या इतिहासाप्रमाणं, दर पाहुण्याला एक पिळा अशी होती. भरीस भर म्हणजे व्हॉल्व्ह पाईपाच्याच मापाचा घेतलेला. गाळपक्षमता वाढणार म्हणून खरेदी समितीनं एकमतानं मोठा व्हॉल्व्ह घेतला होता, कारण भावात फार फरक नव्हता आणि मोठा दिसायलाही बरा. परिणामी त्याला आयुष्यभर १२ ते १५ टक्क्यांतच जगायचं होतं, आणि त्या चिंचोळ्या भागात एक टक्का हलला की तापमान अंश-दीड अंशानं उडायचं.

पुढच्या जनरल क्लीनिंगला ग्लँड खोलून टेफ्लॉनचं पॅकिंग घातलं, पोझिशनर नव्यानं लावला, थर्मोवेल खरवडलं, आयला मर्यादा घातली. लहान मापाच्या व्हॉल्व्हचा इंडेंट ऑफ सीझनसाठी खरेदी समितीकडं गेला. तिथं तो अजून तीन कोटेशनांची वाट बघतो आहे. सल्लागारांचे आकडे होते तेच ठेवले. ते चांगले होते. गाळप सुरू झालं, लूप ऑटोला टाकला आणि रेघ १०२ वर सरळ चालायला लागली.

अण्णा पहिला तास रेघेकडं बघत बसले. दुसऱ्या तासाला उठून फ्लॅश टाकीचा फुगारा बघून आले. तिसऱ्या तासाला मला म्हणाले, "बघितलं? किती वर्सं माझ्या हाताखाली होता. शिकला शेवटी."

चौथ्या तासाला त्यांनी सेटपॉइंट, म्हणजे लूपला राखायला सांगितलेलं तापमान, १०२ चा १०३ केला. थोड्या वेळानं पुन्हा १०२. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "ऑटोच हाय की. मी कुठं मॅन्युअलला घेतलंय?" मी सेटपॉइंटला पासवर्ड घालायचा विचार केला आणि सोडून दिला. जिना तर परत आणता येत नव्हता. मग सेटपॉइंट एका वेळी फार तर अर्धा अंश आणि तोही पाच मिनिटांतून एकदाच हलेल, एवढी व्यवस्था प्रोग्रॅममध्ये करून घेतली. अण्णांना ती कळली नाही. "आता कसं सुतासारखं ऐकतंय," ते म्हणतात.

या सगळ्यात कारखान्याची एकच पंचाईत झाली. शेरा वाचला जातो हे अण्णांना कळलं. चीफ इंजिनिअरांनी हुकूमच काढला, की शेऱ्याचा रकाना रोज सकाळी वाचून त्यावर कार्यवाही लिहायची. तेव्हापासून अण्णा लेखक झाले आहेत. रकाना पुरत नाही म्हणून मागच्या कोऱ्या पानावर लिहितात. 'पंप नं. २ चा आवाज बदलला आहे. बेअरिंग बघावे.' बघितलं, बेअरिंग जायला आलं होतं. 'कंडेन्सेट पंपाजवळ दिवा नाही.' बसवला. 'कं. रूमचा एसी १८ वर. कानटोपी घालावी लागते.' २४ केला. 'दुसऱ्या पाळीने सेटपॉइंट हलवला, आम्ही जागेवर आणला.' यावर दुसऱ्या पाळीचं उत्तर दीड पानाचं आहे.

गेल्या आठवड्यातला शेरा असा: 'कँटीनचा चहा कोमट येतो. तापमान ६० च्या वर नाही. लूप तपासावा.' नियमाप्रमाणं तो कार्यवाहीसाठी कँटीनच्या ठेकेदाराकडं पाठवला. दुसऱ्या दिवशी लॉगबुक परत आलं. खाली ठेकेदारानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'चहा मॅन्युअलला आहे. अण्णा येऊन स्टोव्ह बारीक करून जातात.'